सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स सेवा कशी आहे, आणि रोव्हरची उंची जुळत नसेल तर आधी काय बघायचं

आधी मार्क देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो मोबाइल रेंजचा, त्याबद्दल पुढे बोलतो. टोपो सर्व्हे, रस्ता, पाइपलाइन, प्लॉटिंग, ड्रोनचे कंट्रोल पॉइंट असली कामं करणाऱ्या माणसाला ही सेवा म्हणजे खरंच मोठा आधार आहे, आणि तरीही भेटेल तो म्हणतो की कॉर्सवर उंची चुकीची येते, कोऑर्डिनेट सरकतात, काही भरवसा नाही. म्हणून रिव्ह्यू लिहिताना अर्धा भाग सेवेबद्दल आणि अर्धा या तक्रारीबद्दल लिहितोय, कारण माझ्या बघण्यात आलेल्या बहुतेक सगळ्या तक्रारींत कॉर्सचा काही संबंध नव्हता, सेटिंगचा होता, आणि खापर मात्र मशिनवर फुटलं.

ज्यांनी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देशभर हजारच्या आसपास ठिकाणी उपग्रहांचे सिग्नल घेणारे पक्के बसवलेले रिसीव्हर आहेत, चोवीस तास चालू, त्यातली 77 महाराष्ट्रात, आणि आपलं राज्य यात अगदी सुरुवातीपासून आहे. आपला रोव्हर, म्हणजे पोलवर लावून फिरवायचा रिसीव्हर, मोबाइल नेटवरून आपण कुठे उभे आहोत ते सर्व्हरला कळवतो, सर्व्हर आजूबाजूच्या स्टेशनांचा डेटा धरून त्या जागेपुरतं करेक्शन तयार करून परत पाठवतो, आणि आकाश मोकळं असेल तर थोड्याच वेळात फिक्स, म्हणजे सेंटीमीटरपर्यंतची पक्की जागा, मिळतो. आडव्या दिशेला 3 सेंटीमीटरच्या आसपास अचूकता, उभ्या दिशेला त्याच्या दीड-दोनपट धरून चाला, उपग्रह सगळे डोक्यावरच असतात, जमिनीखालून एकही दिसत नाही, त्यामुळे उंची ही नेहमीच जरा कच्ची येते, ते कुठल्याच कंपनीच्या मशिनला चुकलेलं नाही.

याआधी काय करावं लागायचं आठवा. बेस (एका जागी ठेवायचा रिसीव्हर) आणि रोव्हर दोन्ही विकत घ्या, बेस कुठेतरी टेकाडावर लावा, तिथे राखणीला माणूस बसवा, बॅटरी सांभाळा, रेडिओची रेंज डोंगराआड गेली की बेस हलवा, आणि एवढं करून बेसचे कोऑर्डिनेट कुठून आणले हा प्रश्न आहेच. पुष्कळ जण बेस लावायचे आणि बटन दाबून जागेवरचीच पोझिशन घ्यायचे, ती दोन-चार मीटरने इकडेतिकडे असते, मग त्या दिवसाचे सगळे पॉइंट आपसात एकदम बरोबर पण सगळेच्या सगळे दोन-चार मीटर सरकलेले. दुसऱ्या दिवशी परत बेस लावला की परत नवीन सरक. कॉर्सने ही कटकट मुळापासून संपवली. आज घेतलेला पॉइंट आणि सहा महिन्यांनी घेतलेला पॉइंट एकाच चौकटीत बसतात, माझ्यासाठी हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, रोव्हरमध्ये आयपी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, माउंटपॉइंट (कुठलं करेक्शन हवं त्याचं नाव) टाकायचा आणि कामाला लागायचं. रेंज नसलेल्या जागी स्टॅटिक ऑब्झर्वेशन करून, म्हणजे रिसीव्हर बराच वेळ एकाच जागी ठेवून, नंतर स्टेशनचा रिनेक्स डेटा (नोंदवून ठेवलेले सिग्नल) घेऊन ऑफिसात प्रोसेस करायची सोयही आहे.

आता उंची.

नीरेच्या काठावरून वर पठारावर पाणी नेणाऱ्या एका उपसा सिंचन योजनेचं ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आलं होतं. सर्व्हे एका एजन्सीने केलेला, नाव घेत नाही. जॅकवेलची (काठावरच्या पंपाच्या विहिरीची) लेव्हल जलसंपदाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या खुणेवरून, आणलेली, साधारण 550. वरच्या डिलिव्हरी चेंबरची (पाणी जिथे सोडायचं त्या टाकीची) लेव्हल रोव्हरने घेतलेली, 617. म्हणजे 67 मीटर उचल, त्यावर घर्षणाचा तोटा धरून पंपाचा एचपी काढलेला, कोटेशनपण आलेलं. मला ती चढण माहीत होती, 67 मीटरची ती नव्हेच. टोपोशीट उघडलं, चेंबरच्या जवळून 680 ची कंटूर जात होती. मग एजन्सीकडून कंट्रोलरची (रोव्हरसोबत हातात धरायच्या यंत्राची) मूळ फाइल मागवली, त्यात उंचीच्या कॉलमवर स्पष्ट लिहिलेलं होतं, एलिप्सॉइडल हाइट. एक टोक समुद्रसपाटीपासूनचं, दुसरं टोक एलिप्सॉइडपासूनचं, आणि वजाबाकी सरळ मारलेली. खरी उचल 130 च्या वर होती, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. तो पंप बसला असता तर पाणी अर्ध्या चढावर थांबलं असतं, आणि शेतकऱ्यांनी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरलेले. रोव्हरने चेंबरचा जो आकडा दिला तो सेंटीमीटरपर्यंत बरोबर होता, फक्त तो कशापासून मोजलाय हे कुणी विचारलंच नाही.

हे नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. जीपीएस उंची मोजतो ती एका गणिती अंडाकार पृष्ठभागापासून, त्याला एलिप्सॉइड म्हणतात, त्याला समुद्र वगैरे काही माहीत नाही. आपल्याला हवी असते ती समुद्रसपाटीपासूनची, पाणी जिच्याप्रमाणे वाहतं ती, आणि तो पृष्ठभाग म्हणजे जिऑइड. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सारखं पसरलेलं नसल्यामुळे या दोघांत फरक पडतो, आणि आपलं दुर्दैव म्हणा की काय, जगातला सगळ्यात खोल जिऑइडचा खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, शंभर मीटरच्या वर खोल, आणि सगळा भारत त्याच्या उतारावर बसलाय. म्हणून बंगळूरला हा फरक 86 मीटरच्या आसपास, पुण्याकडे साधारण 65 च्या आसपास, दिल्लीकडे आणखी कमी. आपल्याकडे एलिप्सॉइडल आकडा नेहमी कमी येतो आणि समुद्रसपाटीचा जास्त. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून रोव्हर लावा, उंची उणे साठ-सत्तर दाखवेल, घाबरू नका, मशिन बिघडलेलं नाही.

मोबाइलवर पण हाच घोळ आहे. अँड्रॉइड पूर्वीपासून ॲपला एलिप्सॉइडची उंची देत आलाय, आयफोन समुद्रसपाटीची. काही अँड्रॉइड ॲप ती स्वतः दुरुस्त करून दाखवतात, काही तशीच दाखवतात, त्यामुळे दोन फोन शेजारी शेजारी धरले तर 65 मीटरचा फरक दिसू शकतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

आणि मग दुसरं टोक, दोनदा दुरुस्ती. बरेच रिसीव्हर स्वतःच जिऑइडचा आकडा धरून समुद्रसपाटीची उंची बाहेर पाठवतात, आणि त्याला जोडलेल्या ॲपमध्ये पण जिऑइडचं बटन चालू ठेवलेलं असतं. मग आकडा खऱ्यापेक्षा 65 ने जास्त येतो. फरकाची दिशा बघूनच ओळखा, आकडा साठ-सत्तरने कमी असेल तर जिऑइड लावलेलाच नाही, साठ-सत्तरने जास्त असेल तर दोनदा लागलाय.

मी नवीन पोरांना हेच सांगतो, की चूक शोधायच्या आधी फरक किती आहे आणि तो सगळीकडे सारखा आहे का वाढत जातोय ते बघा, निम्मा तपास तिथेच होतो. बरोब्बर 2 मीटरचा फरक, अगदी 2.000, म्हणजे पोलची उंची टाकायची राहिली. बरोब्बर 20 सेंटीमीटर म्हणजे कुणीतरी झाडाखालून जाताना पोल 1.80 ला खाली केला आणि कंट्रोलरमध्ये 2.00 तसाच राहिला. सात-आठ किंवा दहा-बारा सेंटीमीटरचा फरक प्रत्येक पॉइंटला सारखाच असेल तर अँटेनाचं मॉडेल चुकीचं निवडलंय किंवा उंची अँटेनाच्या बुडापर्यंत मोजलीय आणि सॉफ्टवेअर ती फेज सेंटरपर्यंतची (अँटेनात सिग्नल जिथे पकडला जातो त्या बिंदूपर्यंतची) समजतंय. ट्रायपॉडवर तिरकी मोजून उभी म्हणून टाकली तरी असाच सेंटीमीटरातला सारखा फरक येतो. यातलं काहीही कॉर्सच्या सर्व्हरवर होत नाही, सगळं आपल्या हातातल्या पोलवर होतं.

आडव्या फरकाचंही तसंच. जुन्या टोपोशीटवरून किंवा जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टमधून अक्षांश-रेखांश उचलले आणि रोव्हरवर टाकले की शंभर-दीडशे मीटर लांब जाऊन उभे राहता, कारण ते जुने आकडे 1830 च्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरचे आणि जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वरचा. डेटम, म्हणजे मोजणीची मूळ चौकट, बदलून घेतल्याशिवाय ते जुळणारच नाहीत, कितीही भारी मशिन आणा.

मीटर-सव्वा मीटरचा फरक येत असेल आणि तो ईशान्येकडे असेल तर मात्र तो एकदम वेगळा प्रकार. भारताची प्लेट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटरने ईशान्येकडे सरकतेय, आपण सगळे तिच्यासोबत. कॉर्सचे कोऑर्डिनेट एका ठरावीक जुन्या तारखेला, म्हणजे इपॉकला, बांधलेले असतात म्हणून ते वर्षानुवर्षं तेच राहतात, आणि ते तसेच पाहिजेत. पण कुणी बेसचा डेटा पीपीपी सर्व्हिसला (एकट्या रिसीव्हरच्या डेटावरून जागा काढणाऱ्या सेवेला) पाठवून कोऑर्डिनेट काढले तर ते आजच्या तारखेचे येतात. वीस वर्षांचं सरकणं म्हणजे एक मीटर. दोघांचं काम निर्दोष, तरी नकाशे एकमेकांवर बसत नाहीत आणि साइटवर भांडण. रिपोर्टमध्ये डेटम, इपॉक आणि झोन या तीन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या, एक ओळ लागते.

झोनचं सांगायचं तर आपल्या महाराष्ट्रातून 78 रेखांश जातो आणि तिथे यूटीएमचा (नकाशाच्या मीटरमधल्या जाळीचा) 43 झोन संपून 44 सुरू होतो. अमरावती 43 मध्ये, यवतमाळ आणि वर्धा 44 मध्ये, नागपूर 44. यवतमाळ जिल्ह्यात तर रस्त्याचं एकच काम दोन झोनमध्ये पडू शकतं. पुण्याचा सर्व्हेअर तिकडे जातो, कंट्रोलरमध्ये 43 तसाच राहतो, आकडे विचित्र येतात, पण हा फरक शेकडो किलोमीटरचा असतो म्हणून लगेच लक्षात तरी येतो.

लक्षात न येणारा फरक म्हणजे टोटल स्टेशनचा (जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) आणि रोव्हरचा. टोटल स्टेशनने जमिनीवर मोजलेला एक किलोमीटर आणि यूटीएम कोऑर्डिनेटवरून काढलेला एक किलोमीटर सारखे नसतात. पुण्याजवळ यूटीएमचं अंतर किलोमीटरला साधारण 30 सेंटीमीटरने कमी भरतं, अहिल्यानगरकडे 75 रेखांश जवळ असल्यामुळे 48 च्या आसपास. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना नकाशाचं माप जरा आकसवतात, आणि वर आपण पठारावर आहोत त्याचाही हिस्सा पडतो. शंभर मीटरच्या प्लॉटवर हा फरक 3 सेंटीमीटर, कळणारही नाही. पाच किलोमीटरच्या रस्त्यावर दीड मीटर, आणि मग पुलाचे पिअर आखताना सगळ्यांचे चेहरे बघा. फरक अंतराबरोबर वाढत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, ग्रिड आणि ग्राउंडचा स्केल फॅक्टर बघा.

आता ज्या गोष्टी खरोखर सेवेशी आणि आकाशाशी संबंधित आहेत त्या. पहिली, मोबाइल रेंज. करेक्शन नेटवरून येतं, नेट नाही तर करेक्शन नाही. वेल्हे, मुळशीच्या आतल्या खोऱ्यांत, घाटमाथ्यावर हे पदोपदी जाणवतं. यासाठी अर्धा मार्क कापला, तो सेवेचा दोष म्हणून नाही, पण घेणाऱ्याला आधी माहीत असावं म्हणून. दोन कंपन्यांची सिम ठेवा, किंवा रेंज असलेल्या जागी कॉर्सवरून एक पक्का पॉइंट करून तिथे स्वतःचा बेस लावा आणि आत रेडिओवर काम करा, चौकट तीच राहते.

दुसरी, वेळ. आपल्या पट्ट्यावर आयनोस्फिअर फार खेळ करतं, विषुववृत्ताच्या जवळ असल्याचा परिणाम. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान फिक्स यायला वेळ लागतो, आणि सूर्य मावळल्यावर काही तास सिग्नल थरथरतात, फिक्स येतो आणि जातो. सूर्याच्या डागांचं चक्र 2024 मध्ये शिगेला पोचलं तेव्हापासून हे जास्त ऐकू यायला लागलं. महत्त्वाचे कंट्रोल पॉइंट सकाळी उरकून घ्या, एवढा सोपा उपाय आहे.

तिसरी, खोटा फिक्स. ही खरी धोकादायक. आंब्याच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडला लागून, उंच बिल्डिंगच्या भिंतीजवळ सिग्नल आपटून येतात, कंट्रोलर फिक्स दाखवतो, अचूकता 2 सेंटीमीटर दाखवतो आणि पॉइंट अर्धा मीटर चुकलेला असतो. स्क्रीनवर कुठेही लाल होत नाही. यावर एकच इलाज, रोव्हरचं करेक्शन तोडा, परत जोडा, नव्याने फिक्स घ्या आणि तोच पॉइंट परत मोजा, जमलं तर तासाभराने. दोन्ही आकडे जुळले तरच धरा. कोपऱ्याच्या दगडांना मी हे केल्याशिवाय पुढे जात नाही आणि कुणीही जाऊ नये.

लेव्हलच्या कामाबद्दल माझं मत ठाम आहे. समुद्रसपाटीच्या उंचीसाठी कंट्रोलरमध्ये ईजीएम 96 पेक्षा ईजीएम 2008 निवडा (दोन्ही जगभराची जिऑइड मॉडेलं), सर्व्हे ऑफ इंडियाने भारतापुरतं स्वतःचं जिऑइड मॉडेलही केलंय, ते मिळत असेल तर तेच वापरा. पण जागतिक मॉडेल सह्याद्रीच्या उभ्या-आडव्या रांगांत काही डेसिमीटरने चुकू शकतं, आणि गटार, कालवा, ड्रेनेज लाइन यांचा उतार कधीकधी हजाराला एक असतो. तिथे बेंचमार्क शोधा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने जीटीएस बेंचमार्क पुलांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, सरकारी इमारतींच्या जोत्यावर कोरलेले असतात, त्यांच्या उंच्या मुंबईच्या अपोलो बंदरासारख्या ठिकाणी भरती-ओहोटी मोजून ठरवलेल्या समुद्रसपाटीशी जोडलेल्या आहेत. साइटच्या चारी बाजूंना असे चार पॉइंट ऑटो लेव्हलने (दुर्बिणीतून पट्टी वाचून उंची काढायच्या यंत्राने) आणा आणि त्यावर लोकलायझेशन करा, म्हणजे रोव्हरचे आकडे त्या पॉइंटांशी जुळवून घ्या. चारी बाजूंना म्हणतोय ते मुद्दाम, चारही पॉइंट रस्त्याच्या एकाच कडेला घेतले तर सॉफ्टवेअर सगळं प्रतल एका बाजूला कलवून टाकतं, दुसऱ्या टोकाला लेव्हल हातभर चुकते आणि रिपोर्टमध्ये एरर शून्य दिसतो. आणि साइटवर कुणी धरलेली 100.000 ची आरएल (कामापुरती मानलेली लेव्हल) असेल तर ती कुठल्या दगडावर धरलीय ते आधी बघा, ती ना समुद्रसपाटी ना एलिप्सॉइड, ती त्या कामापुरती ठरवलेली तिसरीच उंची.

पटकन ठोकताळा बघायचा असेल तर जवळच्या रेल्वे स्टेशनवर जा. पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पुणे स्टेशनची 560 मीटर. सेंटीमीटरची तपासणी यावर होत नाही, पण 65 मीटरचा घोळ दोन मिनिटांत उघडा पडतो.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण बांधावरून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या होतात. भूमी अभिलेखकडे आता मोजणीला रोव्हर वापरतात आणि ही कॉर्सच त्याच्या मागे आहे, पण तुमच्या जुन्या टिपणात आणि फाळणी नकाशात अक्षांश-रेखांश नव्हतेच, ते साखळीने आणि शंकूने मोजलेले, मापं आण्यात. तो कागद आजच्या कोऑर्डिनेटवर बसवताना जो काही मीटरचा फरक दिसतो तो जीपीएसचा नसतो. आणि मोबाइलच्या ॲपने चालत चालत शेत मोजून शेजाऱ्याला नोटीस देऊ नका दादा, फोन मोकळ्या रानातसुद्धा तीन-पाच मीटर इकडेतिकडे असतो, दहा मीटर रुंदीच्या पट्टीत त्याने निम्मं क्षेत्र इकडचं तिकडे दिसेल. हद्दीसाठी सरकारी मोजणीच धरली जाते.

रोव्हर विकत घेणाऱ्यांनी डेमो शोरूमच्या गच्चीवर घेऊ नये. विक्रेत्याला जीटीएस बेंचमार्कवर घेऊन जा, कॉर्सवर फिक्स घ्यायला लावा, उंचीचे दोन्ही कॉलम, एलिप्सॉइडल आणि समुद्रसपाटीचा, वेगवेगळे उघडून दाखवायला सांगा, जिऑइड फाइल कुठून टाकायची ते विचारा, पोलची उंची बदलून परत मोजायला सांगा, मग पोल तिरका करून बुडबुडा जागेवर नसताना मशिन किती भरपाई करतं ते बघा. जो विक्रेता यातलं सगळं न अडखळता करून दाखवेल त्याच्याकडून घ्या, पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील, कारण पुढे साइटवरून फोन त्यालाच करायचा असतो.

त्या नीरेच्या योजनेचं पुढे असं झालं की चेंबरपासून जॅकवेलपर्यंत परत लेव्हल घेतली, ऑटो लेव्हलने, जाऊन-येऊन लूप बंद करून, आणि रोव्हरच्या आकड्याला जिऑइडची दुरुस्ती लावल्यावर दोघांत काही सेंटीमीटरचाच फरक राहिला. पंपाचं नवीन कोटेशन जुन्याच्या दुपटीच्या आसपास आलं, रायझिंग मेनचा (पाणी वर चढवणारा मुख्य) पाइप जास्त दाबाचा घ्यावा लागला, खर्च वाढला म्हणून सभासदांची परत बैठक झाली आणि योजना दोन टप्प्यांत करायचं ठरलं.